बोळातल्या पेट्या

कोल्ड रूम बंद पडली हे कळताच घरातल्या प्रत्येकाने सगळ्यात आधी एकच गोष्ट केली: आपण काही केलेलं नाही, हे सांगून टाकलं.

थोरली सून सकाळी साडेआठला दार ओढून आत गेली आणि तिला थंडी वाजली नाही. तेवढ्यावरून तिला कळायचं ते कळलं. मग तिने दाराजवळच्या तापमानाच्या काट्याकडे पाहिलं. तेरा. काल दुकान बंद करताना तो चारवर होता. वरच्या फळीवरच्या केकला तिने बोट लावलं तर क्रीम बोटाबरोबर निघून आलं. खाली लोण्याच्या लाद्या खांदे पाडून बसल्या होत्या.

आणि उद्या अकरा वाजता एका हॉटेलच्या बाई येणार होत्या. दोन वर्षं थोरली त्या हॉटेलच्या मागे होती. नमुने पाठवले, परत आले, पुन्हा पाठवले. शेवटी त्या बाई म्हणाल्या होत्या, "चव मला पटली. आता तुमची थंडी दाखवा." रोज दीडशे पेस्ट्री, वर्षभर. या दुकानात लग्न होऊन आल्यापासून अठरा वर्षं ती सासूबाईंच्या मापाने, सासूबाईंच्या साच्यांत, सासूबाईंच्या पाटीखाली केक करत आली होती. पेस्ट्री तेवढ्या तिच्या होत्या. उद्या काटा चारवर दिसला नाही तर त्या बाई कराराचा कागद पर्समध्ये परत घालून दुसऱ्या बेकरीत जाणार, आणि तसं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं.

"मी तर काल हातसुद्धा लावला नाही," काउंटरवरून तिचा नवरा म्हणाला. घरात आणि बाजारात त्याला सगळे थोरलाच म्हणत. कुणी काही विचारायच्या आत उत्तर देण्याची त्याला लहानपणापासूनची सवय.

"मी परवापासून आत गेलोच नाही," धाकटा दीर जिन्यावरून ओरडला.

"मी तर तिथे राहतही नाही!" ताई फोनवर म्हणाल्या. दुकानात काही मोडलं, फुटलं, बंद पडलं की मात्र अर्ध्या तासात हजर होण्याचा ताईंचा नेम होता. त्या दोघा भावांच्या वडील बहीण. आजही त्या मेकॅनिकच्या आधी पोचल्या.

तोवर थोरलीने क्रीमचे डबे शेजारच्या दूधवाल्याच्या फ्रीजमध्ये नेऊन ठेवले होते, हातापाया पडून. बाकीचं देवाच्या भरवशावर. मधूनमधून ती काटा बघून येई. साडेतेरा. चौदा.

मेकॅनिक आला तो वयस्कर माणूस. बावीस वर्षांपूर्वी सासूबाईंनी ही कोल्ड रूम बसवून घेतली तेव्हापासून त्याचा या घराशी संबंध. आत एक नजर टाकून तो म्हणाला, "आतलं सगळं ठीक आहे. दाराचं रबर तेवढं फाटलंय. रोग बाहेर आहे. बोळाचं दार उघडा."

यावर तिघा भावंडांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग तिघांनी तीन दिशांना.

दुकानामागे एक अरुंद बोळ होता. कोल्ड रूमचं मशीन, म्हणजे कॉम्प्रेसर, जाळी आणि पंखा, तिथे भिंतीलगत बसवलेलं. आणि त्याच बोळात सासूबाईंच्या सहा पेट्या होत्या. सहा वर्षांपूर्वी त्या गेल्या तेव्हा त्यांचं कपाट रिकामं करून सगळं सहा पत्र्याच्या पेट्यांत भरलं होतं: कपडे, शाली, फोटो, पत्रं, त्यांनी विणलेले टेबलक्लॉथ. तिघांनी एकत्र बसून उघडायचं, तोवर कुणी हात लावायचा नाही, असं ठरलं. पेट्या दोन दिवसांसाठी बोळात ठेवल्या. त्यानंतर तिघं एका छपराखाली पन्नास वेळा आली असतील, पण पेट्यांपुढे बसली नाहीत. बसलं की फोटोंचा आल्बम कुणाचा हा प्रश्न येणार होता, आणि त्या प्रश्नावर पहिल्याच दिवशी ताई आणि धाकटा दोन महिने न बोलण्याइतके भांडले होते.

मग जो तो आपापल्या परीने पेट्यांची काळजी घेऊ लागला. ताईंनी ओल लागू नये म्हणून वरून जाड ताडपत्री घातली, ती मशीनच्या जाळीवरून पलीकडे नेऊन खिळ्याला बांधली, आणि येतील तेव्हा ती आणखी घट्ट आवळून जात. ताई गुपचूप काही नेतील या भीतीने धाकट्याने पेट्यांपुढे रिकाम्या क्रेटची भिंत रचली. आणि दोघांपैकी कुणीच काही नेऊ नये म्हणून दोन वर्षांपूर्वी थोरल्याने बोळाच्या दाराला कुलूप लावलं. किल्ली त्याच्या खिशात. तिघांचा एकमेकांवर विश्वास किती, ते त्या बोळात उभं राहिलं की डोळ्यांनी दिसत असे.

"उघडतोस की फोडू?" मेकॅनिकने विचारलं.

थोरल्याने बहिणीकडे बघत किल्ली काढली. दार उघडताच आतून गरम हवेचा लोट आला. मेकॅनिकने क्रेट बाजूला सारले, ताडपत्रीची गाठ चाकूने कापली आणि जाळीवरून हात फिरवला. बोटाएवढ्या जाडीचा धुळीचा थर हातात आला, पिठाच्या धुळीचा, घोंगडीसारखा.

"ही खोली थंड होते म्हणजे काय होतं?" तो तिघांना म्हणाला, शाळेतल्या मुलांना विचारावं तसं. "आतली उष्णता हे मशीन उचलून बाहेर टाकतं. टाकायला हवा लागते. तुम्ही त्याच्या तोंडावर उशी दाबलीत आणि वर म्हणताय पळ. पंख्याची मोटर जळलीय. कॉम्प्रेसर अजून जिवंत आहे, हे नवल."

"म्हणजे ताडपत्रीमुळे," धाकटा लगेच म्हणाला.

"क्रेट कुणी रचले?" ताई.

"अरे, पण तुम्ही दर सहा महिन्यांनी साफ करायला येता ना?" थोरला मेकॅनिकवर घसरला. "आपला वर्षाचा करार आहे. मग साफ का नाही केलं?"

मेकॅनिकने पिशवीतून एक फाईल काढली. फाईल काढणारी माणसं थोरलीला एरवी आवडत. आज नाही. काय निघणार ते तिला माहीत होतं.

"गेल्या दोन वर्षांत चार वेळा आलो. चारही वेळा बोळाला कुलूप. चारही पावत्यांवर लिहिलंय, 'जागा मोकळी नसल्याने बाहेरच्या भागाचे काम केले नाही.' खाली सही घेतलीय."

थोरल्याने पावती हातात घेतली. "ही तर तुझी सही आहे."

"हो," थोरली म्हणाली.

"चारही तुझ्या?"

"हो."

आणि सहा वर्षांत पहिल्यांदा तिन्ही भावंडांचं एकमत झालं.

"वहिनी, तुला माहीत होतं आणि तू बोलली नाहीस?" धाकटा.

"निदान मला तरी एक फोन करायचास," ताई म्हणाल्या. "कोल्ड रूम तुझ्या ताब्यात. आम्हाला त्यातलं काय कळतंय?"

"सही करताना माणूस वाचतो तरी," थोरला म्हणाला, आणि हे त्याने म्हणावं याचा थोरलीला सगळ्यात जास्त राग आला. चारपैकी दोन वेळा तो काउंटरवर पाच हातांवर उभा होता. "किल्ली द्या" म्हटल्यावर "ताई आली की बघू" असं यानेच सांगितलं होतं. आणि तिने मूग गिळून सही केली होती, कारण त्या पेट्यांचा विषय निघाला की या घरात आठवडाभर जेवण गोड लागत नसे. चूक तिची होतीच. तिने मशीन दिलं आणि घरातली शांतता घेतली, आणि आता दोन्ही गेलं.

ती काटा बघायला गेली. पंधरा.

परत आली तेव्हा विषय बदलला होता. तिला वाटलं होतं मोटर बदलायची चर्चा चालू असेल. नाही. मंडळी नवीन मशीनवर पोचली होती.

मेकॅनिकचं म्हणणं सरळ होतं. जाळी धुऊन, दुसरी मोटर बसवून हे मशीन आज तो चालू करून देईल, महिनाभर ओढेल. पण त्याचं वय झालं. नव्याची ऑर्डर आता द्या, यायला तीन आठवडे लागतात. कुठलं ते ठरवा.

"काचेचं घ्यायचं," धाकटा म्हणाला. "समोर, रस्त्याकडेला. आत निळे दिवे. आजकाल लोक डोळ्यांनी खातात."

"चोवीस तास दिवे, आणि दुपारचं ऊन थेट काचेवर," मेकॅनिक म्हणाला. "निम्मी थंडी दिव्यांची आणि उन्हाची उष्णता घालवण्यात जाईल. शोभेला छोटं ठेवा हवं तर. माल त्यात ठेवू नका."

"एक खानावळ बंद झालीय, त्यांचं जुनं आहे," थोरला म्हणाला. "चांगल्या स्थितीत आहे. मी बाहेरून पाहिलंय."

"बाहेरून सगळीच चांगल्या स्थितीत असतात. मासे ठेवायचे त्यात. तुमच्या क्रीमला महिनाभर तो वास येईल."

"नवीन मुळी घ्यायचंच कशाला?" ताई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले. "आईने हौसेने घेतलेलं मशीन आहे. हेच दुरुस्त करा. तिची एक गोष्ट म्हणून या घरात राहू देत नाही कुणी."

"ताई, तिच्या सहा पेट्या आहेत इथे!" धाकटा ओरडला.

"त्यांना तू हात लावू देतोस का?"

झालं. गाडं पुन्हा जिथल्या तिथे. थोरलीने मेकॅनिकला बाजूला घेऊन विचारलं, "मोटर कधी बसेल?"

"बोळ मोकळा झाला की दोन तासांत. पण वहिनी, पेट्या हलल्याशिवाय मी आत वाकूसुद्धा शकत नाही. आणि एक सांगतो. काचेचं आणा, जुनं आणा, सोन्याचं आणा. या बोळात असंच दाबून ठेवलंत तर दोन वर्षांत मरेल."

तिने हे तिघांना सांगितलं. तिघांनी मान डोलावली. पेट्या हलवायला हव्यात, यात वादच नव्हता. वाद होता कुठे हलवायच्या यात. ताईंचं घर दोन खोल्यांचं, पण पेट्या त्यांच्याकडे जाव्यात. धाकट्याच्या मते त्या वर त्याच्या खोलीत जाव्यात, पण ताईंच्या मते त्या खोलीत ओल होती. थोरल्याचं म्हणणं होतं, "घाई करू नका, संध्याकाळी शांतपणे बसून ठरवू."

संध्याकाळी. थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बसून?" ती म्हणाली. तिचा आवाज इतका हळू होता की तिघांनाही गप्प बसावं लागलं. "सहा वर्षं बसताय तुम्ही. आतला काटा पंधरावर आहे. उद्या अकरा वाजता माझ्या दोन वर्षांच्या कामाचा निकाल आहे, आणि तुम्हाला त्याचं काही नाही. तुम्हाला काळजी, कोण किती टेबलक्लॉथ नेतो याची. सही मी केली. माझं चुकलं. या घरात कुणाला दुखवायचं नाही म्हणून मी अठरा वर्षं सह्याच करतेय. आता नाही करणार."

एवढं बोलून तिने पहिल्या पेटीची कडी धरली आणि ओढली.

"अगं, हात नको लावूस!" ताई किंचाळल्या. थोरला पुढे झाला, पण तिच्या तोंडाकडे बघून तिथेच थांबला. पत्र्याची पेटी फरशीवर खरखरत दुकानात आली. गिऱ्हाईक म्हणून आलेल्या एक आजीबाई पाव घेता घेता बाजूला झाल्या आणि मग जायचं विसरल्या. दुसरी पेटी. तिसरीला मेकॅनिकने हात लावला. चौथीला धाकटा आला, कारण बघे जमायला लागले होते. सहावी पेटी उचलली तेव्हा तिचं गंजलेलं कुलूप आपोआप निखळून पडलं.

ताईंनीच झाकण वर केलं.

आत वरच्या थरात दुकानातल्या मेणबत्त्या होत्या. वाढदिवसाच्या. सासूबाईंना त्या साठवायची खोड होती. सुटा पुडका दिसला की कपाटात टाकत. सहा वर्षं मशीनची गरम हवा ताडपत्रीखाली कोंडून पेट्यांवर फिरत राहिली होती. मेणबत्त्या वितळल्या, गार झाल्या, पुन्हा वितळल्या आणि खाली झिरपल्या. लाल, पिवळं, निळं मेण शालींच्या घड्यांत, पत्रांच्या गठ्ठ्यात आणि आल्बमच्या पानापानांत जाऊन बसलं होतं. आल्बम आता एक वीट होता. ताईंनी कडेला नख घालून पान सोडवायचा प्रयत्न केला तेव्हा कुणाच्या तरी चेहऱ्याचा वरचा पापुद्रा मेणाबरोबर निघून आला.

"हा मी आहे का तू?" धाकट्याने विचारलं.

"कळत नाही," थोरला म्हणाला.

बाकीच्या पाच पेट्या तेवढ्या वाईट नव्हत्या. कपडे कडक झाले होते, लोकरीच्या गोष्टी उलगडताना तुटत होत्या, पत्रांची शाई उडाली होती. पण ज्याच्यासाठी दोन महिने अबोला झाला तो आल्बम सहाव्या पेटीत होता आणि तो आता कुणाचाच होऊ शकत नव्हता. थोरलीला वाटलं, आता ताडपत्री, क्रेट, कुलूप यांची दुसरी फेरी सुरू होणार. तिने कान तयार ठेवले. पण ताई टेबलाशी बसल्या, त्यांनी क्रीम लावायची बोथट सुरी मागून घेतली आणि मेण खरवडायला लागल्या. थोड्या वेळाने धाकटा समोर बसला. थोरल्याने काउंटर सोडला आणि गरम पाण्याचं भांडं आणून दोघांच्या मध्ये ठेवलं. सहा वर्षांनी तिघं एका टेबलाशी बसली होती, आणि आता वाटायला काही उरलं नव्हतं.

थोरलीला त्यांची दया आली आणि रागही गेला नाही. दोन्ही एकदम वाटत होतं. पण तिला वेळ नव्हता. ती बोळात जाऊन मेकॅनिकच्या हाताखाली राबली. जाळी ब्रशने झाडली, पाण्याने धुतली, वाकलेल्या पात्या एकेक सरळ केल्या. फाटलेलं रबर काढून नवं बसवलं. अडीच वाजता पंखा फिरला. तीनला काटा बारावर आला, साडेचारला आठवर. ती दर दहा मिनिटांनी दार उघडून बघत होती, शेवटी मेकॅनिकच ओरडला, "दार बंद ठेवलंत तर लवकर उतरेल!" सव्वासहाला काटा चारवर येऊन थांबला. ती अर्धा तास बाहेर उभी राहिली आणि मग पुन्हा पाहिलं. चार.

"आता हे उद्यापुरतं झालं," मेकॅनिक हात पुसत दुकानात आला. "नव्याचं काय ठरलं?"

धाकट्याने मान वर केली. "काचेचं..." तो म्हणाला आणि पुन्हा मेण खरवडायला लागला.

"साधं घ्यायचं," थोरली म्हणाली. "सध्यापेक्षा एक माप मोठं, कारण दीडशे पेस्ट्री वाढतील. मशीन बोळात नको, गच्चीवर बसवा, चारी बाजूंनी मोकळं. दर तीन महिन्यांनी सफाई. आणि गच्चीवर दुसरी एकही वस्तू राहणार नाही. कपड्यांची दोरीसुद्धा."

तिने कुणाकडे पाहिलं नाही. तरी तिला जाणवलं, तिघं हात थांबवून तिच्याकडे बघताहेत. असं न विचारता ठरवून टाकणं या दुकानात फक्त सासूबाईंना जमायचं.

मेकॅनिकने कागद पुढे ओढला. "नवीन मशीनला एक सोय आहे. आतली थंडी बिघडली की ते थेट फोन करतं. आणि काटा कितीवर ठेवायचा ते बदलायला एक गुप्त आकडा लागतो. तो आकडा ज्याच्याकडे, त्यालाच बदलता येतं. फोन नंबर कुणाचा टाकू?"

"माझा," थोरली म्हणाली.

"दोन टाकता येतात."

"एकच टाका."

थोरला घसा खाकरून म्हणाला, "अगं, निदान माझा तरी..."

"तुमचा तर मुळीच नको. मशीनचा फोन आला की तुम्ही त्याला सांगाल, ताई आली की बघू."

धाकट्याला हसू फुटलं आणि ते त्याने बहिणीच्या भीतीने गिळलं. थोरल्याचे कान लाल झाले. थोरली थांबली. आता ताई काय म्हणतात यावर सगळं होतं. त्यांनी एक शब्द टाकला असता तर उद्या सकाळपर्यंत हे दोघे फिरले असते, हे तिला पक्कं माहीत होतं. ताई खरवडतच होत्या. आल्बमच्या एका पानावर आता एक बाई दिसायला लागली होती, कमरेपासून खाली. पीठ लागलेला एप्रन, पीठ लागलेले हात. वरचं सगळं मेणाखाली.

"हिचाच टाका," ताई मान वर न करता म्हणाल्या. "आम्ही सांभाळलं ते दिसतंय ना इथे."

थोरलीला एकदम रडू आलं आणि ते लपवायला तिने आपला नंबर मोठ्याने सांगायला सुरुवात केली. मधले दोन आकडे चुकले. मेकॅनिकने ते खोडले, आणि तिने पहिल्यापासून पुन्हा सांगितला.